घरगुती पेटींत बदकांचीं अंडीं उबविणें

कोंकणांत खाडीच्या व भातखाचरांच्या आधारानें चार-सहा बदकें बाळगणारीं घरें फार दिवसांपासून आहेत. अशा घरांतून अंडीं उबविण्याची निराळी चिंता सहसा कोणी केली नाहीं. खुडूक बसलेली एखादी देशी कोंबडी पाहावी, तिच्या पोटाखालीं आठ-नऊ अंडीं सारावीं, आणि महिन्याभरानें पिलें तळ्यांत उतरलीं म्हणजे कांठावर कासावीस होऊन फिरणाऱ्या त्या मानलेल्या आईची धांवपळ मुलांनीं पाहावी, एवढाच त्याचा विधि. परंतु ज्यांनीं अंड्यांच्या उत्पन्नासाठीं खाकी कँपबेल जातीचीं बदकें घेतलीं, त्यांस ही सोय अपुरी पडते. ही जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत ॲडेल कँपबेल या बाईंनीं तयार केली. अंडीं देण्यांत ती कोणत्याही चांगल्या कोंबडीस हार जात नाहीं. पण स्वतःच्या अंड्यांवर बसण्याचें तिला बहुधा सुचत नाहीं. जें बदक अंड्यांवर बसतें तें तेवढे दिवस अंडीं घालावयाचें थांबतें. तेव्हां पिढ्यान्‌पिढ्या अधिक अंडीं देणारीं तेवढींच बदकें निवडीत गेलें असतां बसण्याची खोड आपोआप नाहींशी व्हावी, यांत नवल नाहीं. शिवाय वीस-पंचवीस अंडीं एकाच वेळीं उबवावयाचीं तर तीन खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यांत कोठून आणावयाच्या ?

म्हणून घरच्या घरीं उबवणीची पेटी करण्याकडे मन वळतें. ती करणें अवघड नाहीं. ज्याला सुताराच्या व वीजजोडणीच्या कामाची थोडी माहिती आहे, त्याची पेटी दोन दिवसांत तयार होते. अवघड आहे तें पुढचे अठ्ठावीस दिवस. आम्हीं पहिल्या खेपेस चोवीस अंडीं ठेविलीं व सात पिलें मिळविलीं. राहिलेल्यांपैकीं दहा अंड्यांत पूर्ण वाढलेलीं पिलें मेलेलीं निघालीं. उष्णतेंत फारशी चूक नव्हती. चूक पाण्यांत होती, आणि थोडी आमच्या उतावळेपणांत होती. नव्यानें या कामास लागणाऱ्या बंधूंस तेवढा तरी खर्च पडूं नये, म्हणून हा लेख.

पेटी नवी असली तरी ही विद्या नवी नाहीं. इजिप्त देशांत कच्च्या विटांच्या भट्ट्यांत हजारों अंडीं एकदम उबविण्याचा धंदा फार प्राचीन काळापासून चालत आला, व फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर यानें १७४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्या भट्ट्यांचें वर्णन केलें आहे. तेथील कारागिरांजवळ उष्णतामापक नव्हता. अंडें पापणीस लावून ते ऊब ओळखीत. चीन देशांत बदकांचीं अंडीं गरम केलेल्या भाताच्या तुसांत पुरून उबविण्याची चाल आहे, व आजच्या बांगलादेशांतही तुसाच्या टोपल्या व कंदील एवढ्यावर बदकांचीं पिलें काढणारे लोक झाले. या सर्वांचें यश यंत्रांत नसून रोज अंडें हातांत घेऊन पाहण्यांत होतें. आमच्याजवळ यंत्र आलें आणि आम्हीं हातांत घेऊन पाहावयाचें सोडलें, हा आमचा पहिला दोष.

पेटी

दोन फूट लांब, दीड फूट रुंद व सवा फूट उंच अशी फळ्यांची किंवा प्लायवुडाची पेटी चोवीस अंड्यांस पुरते. आंतून चहूं बाजूंस एक इंच जाडीचा थर्माकोल बसवावा. झांकणांत हातभर कांच असावी. म्हणजे झांकण न उघडतां आंतील सर्व दिसतें. दोन बाजूंस तळाजवळ व वरच्या अंगास करंगळीएवढीं तीन-तीन भोंकें ठेवावीं. हीं भोंकें पुढें ओलावा टिकविण्यासाठीं बुजविण्याचा मोह होतो, तो आवरावा. अंड्यांतील जीव श्वास घेत असतो व शेवटच्या आठवड्यांत त्याला हवा फार लागते.

ऊब देण्यास चाळीस वॅटचे दोन तारेचे दिवे घ्यावे. हल्लीं सर्वत्र मिळणारे एल्‌ईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत; ते या कामाचे नव्हेत. एकाऐवजीं दोन दिवे अशासाठीं कीं, रात्रीं एक गेला तरी दुसरा कांहीं वेळ सांभाळून नेतो. दिव्याभोंवतीं पत्र्याचा आडोसा करावा व थर्माकोल त्यापासून चार बोटें तरी दूर ठेवावा, कारण तो वितळतो व पेटतोही. दिवे आपोआप लावणारा व मालवणारा थर्मोस्टॅट बाजारांत थोड्या पैशांत मिळतो. त्याचें टोक अंड्यांच्या उंचीवर असावें, दिव्याजवळ नव्हे. संगणकांत बसवितात तसला लहान पंखा आंत लावला तर फार बरें. त्यानें पेटींतील हवा सर्वत्र सारखी राहते. पंखा असेल तर उष्णता ३७.५ अंश सेंटिग्रेड, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट ठेवावी. पंखा नसेल तर गरम हवा वर व थंड हवा खालीं असे थर पडतात. अशा पेटींत अंड्यांच्या माथ्यापाशीं ३८.५ अंशांच्या सुमारास उष्णता लागते, आणि उष्णतामापक बोटभर वर-खालीं झाला तरी आंकडा बदलतो. पहिल्यानेंच करणाऱ्यानें पंखा लावावा, असें आमचें मत आहे.

उष्णतामापकावर विश्वास टाकण्यापूर्वीं त्याची परीक्षा घ्यावी. घरांत ताप पाहण्याचा उष्णतामापक असतोच. कोमट पाण्याच्या भांड्यांत दोन्ही एकदम बुडवावे व अडतीस अंशांच्या आसपास त्यांत किती फरक पडतो तो लिहून ठेवावा. आमच्या दोन नव्या यंत्रांपैकीं एक एक अंशानें चुकत होतें. आणि सबंध अठ्ठावीस दिवस एक अंश अधिक उष्णता ही थोडी गोष्ट नव्हे. हवेंतील ओलावा दाखविणाऱ्या यंत्राची परीक्षाही सोपी आहे. बाटलीच्या झांकणांत मीठ घेऊन तें पाण्यानें नुसतें ओलें करावें, तें झांकण व यंत्र एका घट्ट डब्यांत सात-आठ तास बंद करावें. यंत्रानें ७५ टक्के दाखविले पाहिजेत. जेवढा फरक असेल तेवढा पुढें नेहमीं धरावा. यानंतर पेटी दोन दिवस रिकामीच चालवावी. या दोन दिवसांचा कंटाळा करणाऱ्यानें अंडीं ठेवूंच नयेत.

अंड्यांची निवड

बदकें बहुधा पहांटे अंडीं घालतात व जेथें बसतील तेथें घालतात. चिखलांत पडलेलें अंडें धुऊन स्वच्छ दिसलें तरी आंत जंतु शिरलेले असतात, व असें एक अंडें तिसऱ्या आठवड्यांत नासून फुटलें म्हणजे सगळ्या पेटीचा नाश करतें. म्हणून खुराड्यांत कोरड्या पेंढ्याचें अंथरूण ठेवून सकाळीं लौकर अंडीं गोळा करावीं. स्वच्छ अंडें मुळींच धुऊं नये. धुवावेंच लागलें तर पाणी अंड्यापेक्षां गरम घ्यावें. थंड पाण्यानें आंतील द्रव आकसतो व बाहेरची घाण कवचाच्या छिद्रांतून आंत ओढली जाते. पांच-सहा माद्यांस एक नर हें प्रमाण असेल तर अंडीं सफळ मिळतात. फार मोठीं, फार लहान, वेडीवांकडीं व तडा गेलेलीं अंडीं खाण्यास ठेवावीं. घरांतील सर्वांत थंड जागीं, निमुळतें टोक खालीं करून, सात दिवसांपर्यंत अंडीं सांठवावीं. त्यापुढें प्रत्येक दिवसागणिक पिलें कमी होतात. आम्हीं पहिलीं अंडीं दूरच्या गांवाहून एस.टी.नें आणिलीं होतीं. अशा प्रवासानंतर रुंद टोक वर करून तीं एक दिवस स्वस्थ ठेवावीं, म्हणजे हादऱ्यानें हललेली आंतील हवेची पोकळी जागेवर येते.

कँपबेल, पेकिन, रनर वगैरे बहुतेक जातींस अठ्ठावीस दिवस लागतात, मस्कोव्ही जातीस पस्तीस. सोमवारीं संध्याकाळीं ठेविलेलीं अंडीं चौथ्या सोमवारीं संध्याकाळच्या सुमारास फुटावयाचीं, असा हिशेब धरावा.

पाण्याचा प्रश्न

आतां ज्या चुकीमुळें आमचीं पिलें गेलीं तिच्याकडे वळूं. कोंबडीपेक्षां बदकाच्या अंड्यांस ओलावा अधिक लागतो, असें सर्वत्र सांगतात, व शेवटच्या दिवसांपुरतें तें खरेंही आहे. आम्हीं मात्र असा विचार केला कीं, बदक हा पाण्यांतला पक्षी, तेव्हां जितकें पाणी अधिक तितकें बरें. पहिल्या दिवसापासून पेटींत दोन पसरट ताटें भरून ठेविलीं. कांचेवर दंव जमूं लागलें तें पाहून आम्हांस समाधानच वाटलें. अठ्ठाविसावा दिवस उजाडला, सात पिलें निघालीं आणि मग सर्व शांत झालें. तीन दिवस वाट पाहून उरलेलीं अंडीं फोडलीं. आंतील पिलें मोठीं, सुजलेलीं व चिकट पाण्यांत भिजलेलीं होतीं. पिलास चोंच फिरविण्यास जागाच उरली नव्हती. पाणपक्ष्यांचीं पिलें आम्हीं अंड्यांतच बुडविलीं होतीं.

याचें कारण समजून घेतलें पाहिजे. अंड्याच्या कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांवाटे आंतील पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. जेवढें पाणी जातें तेवढी रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते. शेवटीं पिलूं याच पोकळींत चोंच घालून पहिला श्वास घेतें. पाणी फार कमी गेलें तर पोकळी लहान राहते व पिलूं गुदमरतें. फार अधिक गेलें तर पिलूं कृश होतें व आंतील पापुद्रा वाळून त्याच्या अंगास चिकटतो. पंचवीस दिवसांत अंड्याचें वजन शेंकडा बारा ते चौदा कमी व्हावें, हें योग्य प्रमाण. सत्तर ग्रॅमच्या अंड्यांतून सुमारें नऊ ग्रॅम पाणी गेलें पाहिजे, त्याहून फार कमी नाहीं व फार अधिक नाहीं.

त्यासाठीं पेटींत ओलावा किती ठेवावा ? पुस्तकी उत्तर पहिले पंचवीस दिवस सुमारें ५५ टक्के असें आहे. पण त्यासाठीं पाणी किती ठेवावें हें कोणतेंही पुस्तक सांगूं शकणार नाहीं, कारण तें बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे. हवा तापविली कीं तिची पाणी धरण्याची शक्ति वाढते व ती कोरडी होते. कोंकणांत श्रावणांत २७ अंश उष्णता व ९० टक्के ओलावा असलेली हवा पेटींत शिरून ३७.५ अंशांवर गेली कीं तिचा ओलावा ५० टक्क्यांवर येतो. म्हणजे तेथें पाणी जवळजवळ न ठेवितांच काम भागतें. देशावर पौषांतल्या रात्रीं १५ अंश व ६० टक्के असलेली हवा पेटींत शिरली कीं १६ टक्क्यांवर येते; तेथें एक ताट पुरणार नाहीं. सांगलीच्या मित्रानें सांगितलेलें पाण्याचें माप रत्नागिरीस चालत नाहीं, व आषाढांतलें माप माघांत चालत नाहीं, तें यामुळें.

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्हीं अंड्यांसच विचारावयाचें ठरविलें. स्वयंपाकघरांतील एक-एक ग्रॅम दाखविणारा तराजू घेतला. दहा अंड्यांवर पेन्सिलीनें आंकडे घालून त्यांचें एकत्र वजन केलें. तें ६९० ग्रॅम भरलें. शेंकडा तेरा म्हणजे नव्वद ग्रॅम, पंचवीस दिवसांत. आठवड्यास पंचवीस ग्रॅम. सातव्या दिवशीं वजन केलें तों सतराच ग्रॅम घट दिसली. यंत्र ५८ टक्के दाखवीत होतें व आम्हांस तें ठीक वाटत होतें. अंडीं मात्र नाहीं म्हणत होतीं. पाण्याचें ताट काढून वाटी ठेविली. चौदाव्या दिवशीं एकंदर घट पंचेचाळीस झाली, एकविसाव्या दिवशीं बहात्तर. एवढें पुरे. दहांपैकीं एखादें अंडें वांझ निघून काढावें लागलें तर त्याचें पहिलें वजन मूळ बेरजेंतून वजा करावें. यासाठीं प्रथम प्रत्येक अंड्याचें वजन निराळें लिहून ठेविलेलें असावें.

पाणी वाढविणें-कमी करणें म्हणजे भांड्याची खोली नव्हे, तोंड वाढविणें-कमी करणें. खोल तांब्याभर पाण्यापेक्षां बशीभर पाणी अधिक वाफ देतें. ज्यांच्याजवळ ओलाव्याचें यंत्र नाहीं त्यांनीं साध्या उष्णतामापकाच्या फुग्यावर सुती वात गुंडाळून तिचें टोक पाण्यांत सोडावें. पंख्याच्या पेटींत त्यावर २९ अंशांच्या आसपास आंकडा राहिला म्हणजे ओलावा ५५ टक्के समजावा, व ३२ अंशांवर गेला म्हणजे ७० टक्के.

रोजचें काम

अंडीं आडवीं ठेवून एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस टिंब करावें. दिवसांतून तीन किंवा पांच वेळां तीं उलटावीं. वेळा विषम संख्येच्या असाव्या, म्हणजे रात्रीचा लांब विसावा एक दिवस फुलीवर व एक दिवस टिंबावर असा आळीपाळीनें पडतो. न उलटलेल्या अंड्यांतील गर्भ कवचाच्या पापुद्र्यास चिकटून मरतो. पहिल्या आठवड्यांत यांत हयगय झाली तर पुढें भरून निघत नाहीं.

आठव्या दिवसापासून रोज एकदां दहा-पंधरा मिनिटें झांकण उघडून अंडीं निवूं द्यावीं व वर कोमट पाणी शिंपडावें, असा जुना परिपाठ आहे. बदकी चरावयास उठते व ओल्या अंगानें परत येते, त्याचें हें अनुकरण. यावर मतभेद आहे. कँपबेलच्या अंड्यांस त्याची अगदींच गरज आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि रोज पेटी उघडल्यानें शिळी हवा जाते, आणि नाकास कळतें कीं आंत एखादें अंडें नासलें आहे. या एका फायद्यासाठीं आम्ही तो परिपाठ पाळतों.

सातव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत विजेरीच्या तोंडाशीं अंडें धरून पाहावें. बदकाचें कवच पांढुरकें व पारदर्शक असल्यामुळें कोंबडीच्या अंड्यापेक्षां यांत स्पष्ट दिसतें. मध्यें काळा ठिपका व त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या निघालेल्या तांबड्या शिरा दिसल्या म्हणजे गर्भ जिवंत आहे. नुसता बलकाचा सांवळा गोळा दिसणारें अंडें वांझ. तांबडें कडें दिसणारें अंडें मेलेलें. दोन्ही काढून टाकावीं. चौदाव्या व पंचविसाव्या दिवशीं पुन्हां पाहावें. पंचविसाव्या दिवशीं हवेची पोकळी अंड्याच्या सुमारें एक तृतीयांश भागाएवढी असावी. आमच्या पहिल्या खेपेस ती जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी होती. तें आम्हीं पाहिलें होतें, पण त्याचा अर्थ आम्हांस कळला नव्हता.

वीज जाते तेव्हां

खेड्यांतील माणसास ही भीति सर्वांत मोठी वाटते, व ती खरी आहे. पण वाटते तितकी घातक नाहीं. दुसऱ्या खेपेच्या सतराव्या रात्रीं वादळी पावसांत वीज गेली ती पांच तासांनीं आली. आम्हीं बाटल्यांत गरम पाणी भरून पेटीच्या कोपऱ्यांत ठेविलें, पेटीवर दोन घोंगड्या घातल्या, भोंकें तेवढीं मोकळीं ठेविलीं, व बाटल्या दोनदां बदलल्या. उष्णता ३१ अंशांपर्यंत उतरली. घरांतील मंडळींनीं आशा सोडली होती. सकाळीं विजेरीनें पाहिलें तों सर्व अंडीं हालत होतीं. फुटण्यास मात्र जवळजवळ एक दिवस उशीर झाला. दुसऱ्या पंधरवड्यांतील गर्भ स्वतःही थोडी ऊब उत्पन्न करीत असतो, व तात्पुरती थंडी तो सोसतो. उष्णता मात्र तो सोसत नाहीं. ४० अंशांच्या वर थोडा वेळ गेला तरी नुकसान होतें. कांचेचें झांकण असलेली पेटी खिडकींतल्या उन्हांत ठेवणें हा वीज जाण्यापेक्षां मोठा धोका आहे.

फुटण्याचे दिवस

पंचविसाव्या दिवशीं अंडीं उलटणें बंद करावें. खालीं गोणपाट अंथरावें, पाण्याचें पसरट ताट आतां ठेवावें व ओलावा ७० टक्क्यांवर न्यावा. कवचें टोचलेलीं दिसलीं म्हणजे आणखी थोडा वाढवावा. आधीं पुरेसें पाणी गेलेलें असेल तर या वेळचा ओलावा पिलास बुडवीत नाहीं. तो फक्त पापुद्रा मऊ ठेवतो. यापुढें झांकण उघडूं नये.

सव्विसाव्या-सत्ताविसाव्या दिवशीं पिलूं आंतल्या पापुद्र्यांतून हवेच्या पोकळींत चोंच काढतें. कान लाविला तर टकटक व बारीक आवाज ऐकूं येतो. नंतर बाहेरचें कवच एका ठिकाणीं ताऱ्यासारखें तडकतें, आणि येथून पुढें कांहींच घडत नाहीं. बारा तास, चोवीस तास, कधीं त्याहूनही अधिक. याच वेळीं नव्या माणसाचा धीर सुटतो. आमचाही सुटला. तडकून अठरा तास झालेल्या एका अंड्याचें कवच आम्हीं दयेनें सोलूं लागलों. पापुद्र्याखालीं तांबड्या शिरा भरलेल्या होत्या. नख लागतांच रक्त आलें व पिलूं अर्ध्या तासांत गेलें. त्या दहा मेलेल्यांपैकीं हें एक, आणि याला पाणी कारण नव्हतें.

त्या शांत तासांत पिलूं थकून पडलेलें नसतें. तें फुप्फुसानें श्वास घ्यावयास शिकत असतें, पापुद्र्यांतील शिरांचें रक्त अंगांत परत ओढीत असतें व उरलेला बलक पोटांत घेत असतें. हें काम पुरें झालें म्हणजे तें आंतल्या आंत फिरून कवचाचें टोक कापीत जातें, व तासा-दोन तासांत बाहेर येतें. छिद्र पडून छत्तीस तास लोटले, पिलूं ओरडतें आहे पण पुढें जात नाहीं, आणि पापुद्रा वाळून पिवळट-तपकिरी झाला आहे, अशा वेळींच मदत करावी : कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पापुद्रा ओला करून पोकळीच्या बाजूचें थोडें कवच काढावें. रक्ताचा थेंब दिसला कीं थांबावें व अंडें पेटींत परत ठेवावें. दुसऱ्या खेपेस आम्हीं एकाही अंड्यास हात लाविला नाहीं. त्या चोविसांपैकीं पांच वांझ निघालीं, एक मध्यें मेलें, तीन शेवटीं फुटलीं नाहींत, व पंधरा पिलें स्वतःच्या चोंचीनें बाहेर आलीं.

बाहेर आलेल्या पिलांस काढण्याचीही घाई नको. पोटांतल्या बलकावर तीं एक दिवस सहज काढतात. अंग सुकून फुललें म्हणजे काढावीं.

पिलें काढल्यावर

पहिला आठवडा दिव्याखालीं ३२ अंश ऊब द्यावी व दर आठवड्यास तीन अंशांनीं कमी करावी. पिलें दिव्याखालीं एकावर एक चढलीं तर ऊब कमी, दूर कडेस जाऊन धापा टाकूं लागलीं तर अधिक. खालीं वर्तमानपत्र घालूं नये. त्यावर पाय फांकून अधू होतात. गोणपाट चांगलें. पाण्याचें भांडें चोंच व नाकपुड्या बुडतील इतकें खोल, पण पिलूं आंत बसूं शकणार नाहीं इतकें अरुंद असावें. आईच्या पंखांखालीं वाढलेल्या पिलांच्या अंगास तिचें तेल लागतें. पेटींतल्या पिलांस तें नसतें, म्हणून पहिले कांहीं दिवस तीं पाण्यांत सोडलीं तर भिजून गारठतात.

खाद्यास कोंबडीच्या पिलांचा भरडा थोडा ओला करून चालतो. पण बदकांच्या पिलांस नियासिन हें जीवनसत्त्व अधिक लागतें, व तें कमी पडलें तर पाय वांकडे होतात. भरड्यांत थोडें सुकें यीस्ट मिसळलें म्हणजे ही उणीव भरून येते. भुईमुगाची पेंड देण्याचा मोह मात्र टाळावा. १९६० सालीं इंग्लंडांत टर्कीचीं एक लाखाहून अधिक पिलें अज्ञात रोगानें मेलीं, व बदकांचीं पिलेंही मेलीं. शोधाअंतीं तें ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचें विष ठरलें. त्याला पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. या विषास बदकाचें पिलूं इतकें हळवें असतें कीं, शास्त्रज्ञ पेंडीची परीक्षा करण्यासाठीं त्याचाच उपयोग करीत. आपल्या पावसाळी हवेंत कोठींतली पेंड किती लौकर बुरसते हें सांगावयास नको.

पिलें हलविल्यावर पेटी त्याच दिवशीं धुवावी. कवचाचे तुकडे, केंस व चिकटा कोरडा होऊं दिला तर खरवडून निघत नाहीं, आणि पुढच्या खेपेचीं अंडीं त्याच घाणीवर नासतात. साबणाच्या गरम पाण्यानें धुऊन दोन दिवस कडक उन्हांत उघडी ठेवावी. वजनांचा, उष्णतेचा व काढून टाकलेल्या अंड्यांचा कागद आम्ही झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेविला आहे. पुढचीं अंडीं ठेवितांना पाण्याची वाटी किती रुंद घ्यावयाची तें प्रथम त्यावर पाहतों.